याडीचा नमस्कार

आमच्या तांड्यात जवळचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं की आधी रडणं, मग पाणी, मग चहा. शहरातल्या बायकांना हे सांगितलं की त्या मला विचारतात, "अहो, पण रडायचं कशाला? भेटल्याचा आनंद नाही का होत?" आता काय सांगावं यांना! आनंद होतो म्हणूनच तर रडायचं.

पद्धत कशी ते आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं काहीच उमजणार नाही. दोघी बायका तांड्याच्या तोंडाशी समोरासमोर आल्या की डोक्यावरचं गाठोडं खाली, हात एकमेकींच्या गळ्यात, हनुवटी खांद्यावर, आणि सूर धरून रडायला सुरुवात. नुसते हुंदके नव्हेत. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात. एक विचारते, दुसरी सांगते. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची म्हैस आटली, सासू जेवायला नीट घालते का, आणि कोण गेलं. बाप्ये रडत नाहीत. पण आई किंवा बहीण गळ्यात पडली तर त्यांनी खांदा द्यायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि ती थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. सगळं सांगून झालं की ओढणीनं नाक पुसायचं आणि लगेच, अहो खरंच लगेच, एक म्हणते, "चाय मांड व," आणि दुसरी हसत चुलीकडे जाते.

आणि एक नेम होता, तो कोणी मोडत नसे. गेलेल्या माणसाची गोष्ट कोरड्या तोंडानं सांगायची नाही. दूरच्या माणसाला कळवायचं असेल तर घरातल्या मोठ्या बाईनं स्वतः जायचं, त्याच्या गळ्यात पडायचं आणि त्या रडण्यात सांगायचं. तिच्या आधी पोरासोरांनी तोंड उघडायचं नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला ते ऐकतानाच कोणाचा तरी खांदा मिळतो. मला तर यात शहाणपणच दिसतं, लोक काहीही म्हणोत.

आमचा तांडा ढाणकीजवळ, उमरखेडच्या वाटेला थोडा आत. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते. फक्त आईला याडी म्हणते, भावाला भिया. ते दुसऱ्या शब्दात माझ्याच्यानं लिहवत नाही.

याडीचं रडणं तांड्यात नावाजलेलं होतं. तिचा आवाज खर्जातला, आणि तिला काही विसरायला होत नसे. तिचा भाऊ, आमचा मामा, तिकडे आदिलाबादच्या बाजूला कामाला गेला होता. तो दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा. तो आला की याडी त्याच्या गळ्यात पडून जी सुरू व्हायची ती चुलीवरची भाजी करपेपर्यंत. मामा बिचारा उभा. त्याचे कान मोठे, पुढे आलेले, आणि याडीची ओढणी एका कानात अडकलेली. आम्ही पोरं खीखी हसायचो. मग बा ओरडायचे, "आता सोड वो त्याले, पानी तरी पिऊ दे!"

ढाणकीच्या बाजाराला गेलं की मात्र कळायचं, सगळे आपल्यासारखे भेटत नाहीत. ज्या पाटलाच्या वावरात आम्ही कापूस वेचायला जायचो, तो बांना दुरूनच "राम राम हो" म्हणायचा आणि बासुद्धा "राम राम पाटील" म्हणून पुढे. झाली भेट! चालता चालता! बांगडीवाल्या मुसलमान चाचांच्या दुकानात येणारा प्रत्येक जण "सलाम वालेकुम" म्हणायचा आणि चाचा हातातली बांगडी न थांबवता उत्तर द्यायचे. आम्ही गेलो की मात्र "राम राम बाई, आओ बैठो" असं म्हणायचे, आणि याडी त्यांना "सलाम चाचा" म्हणायची. ज्याचं त्याला द्यायचं, एवढं त्या बाजारात सगळ्यांना कळत होतं. ईदला चाचा दुसऱ्या दुकानदारांना छातीशी धरून भेटायचे. ते पाहून याडी म्हणाली होती, "हे थोडंसं आपल्यासारखं हाये. पन हे बोलत नाईत."

एकदा भर बाजारात याडीला तिच्या माहेरची मैत्रीण भेटली. मग काय! मिरचीच्या ढिगाशेजारी दोघींनी गळा धरला. पाटलीणबाई तिथंच भाजी घेत होत्या. त्या घाबऱ्याघुबऱ्या पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "कोन गेलं व बाई? कोन गेलं?" याडी सूर न सोडता, रडता रडताच मान हलवून म्हणाली, "कोनी नाई गेलं बाई, लय दिवसानं भेटली." पाटलीणबाईंनी तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

असं सगळं हसण्यावारी जात होतं. भियाच्या बाबतीत ते गेलं नाही.

भिया माझ्याहून बराच मोठा. तांड्यातला शाळेत टिकलेला पहिला पोरगा. त्याला टिकवला तो आमच्या फूफीनं, म्हणजे बांच्या थोरल्या बहिणीनं. ती विधवा होती, तिला मूल नव्हतं, तिची झोपडी तांड्याच्या तोंडाशीच. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की ती भियाला कडेवर घेऊन नाला पार करून द्यायची आणि शाळा सुटेपर्यंत पलीकडे ढाणकीत कोणाच्या तरी ओसरीवर बसून राहायची. भिया चांगला मिसरूड फुटेपर्यंत तिला कडेवरचाच वाटायचा. पुढे तो पुसदला वसतिगृहात गेला. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हाची ही गोष्ट, छप्पन सालची.

याडी आणि बा त्याला भेटायला पुसदला गेले. बा बाहेर पानठेल्यावर तंबाखू घ्यायला थांबले, याडी पुढे. भिया अंगणात दिसला आणि तिनं त्याचा गळा धरला. तो सूर ऐकून वसतिगृहाचे मास्तर बाहेर आले. बाई एकटी आलीय, बरोबर नवरा नाही, आणि असं रडतेय. त्यांनी काय समजायचं ते समजलं. भले गृहस्थ होते. त्यांनी घंटा वाजवली, सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं आणि माना खाली घालून शांत उभं राहायला सांगितलं. भिया सांगायला बघत होता, पण त्याचं तोंड याडीच्या ओढणीत. आणि त्या शांततेत फाटकातून आमचे बा आत आले, काखेत कोंबडी धरून, आणि मोठ्यानं म्हणाले, "राम राम मास्तर!"

बांनी ही गोष्ट आयुष्यभर सांगितली आणि दर वेळी हसून हसून त्यांना ठसका लागायचा. भिया कधीच हसला नाही. कारण ते गेले, आणि तो तिथंच राहिला. पोरं कॉरिडॉरमध्ये त्याला पाहिलं की एकमेकांच्या गळ्यात पडून भोकाड पसरायची. वर्षभर. कोंबडी म्हणून ओरडायची. ते त्यानं आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर बांनी जाऊन एकेकाच्या कानाखाली काढली असती.

तो मास्तर झाला आणि बाभुळगावला शाळेत लागला. तिथं शाळेच्या मागे मास्तरांच्या खोल्यांची ओळ होती. शेजारी सगळी बामण-कुणब्याची बिऱ्हाडं. त्या दिवाळीला तो घरी आला, नव्या चपला, केसांना तेल. फूफी नेहमीसारखी तिच्या झोपडीपुढे बसली होती, तिनं पहिला गळा धरला, मग याडीनं. भियानं खांदा दिला, पण मी पाहिलं, त्याची नजर वाटेकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं याडीला बाजेवर बसवलं. म्हणाला, "याडी, तू बाभुळगावले येशीन न, तं तिथं रडू नको. हात जोड अन् नमस्कार म्हन."

"कोनाले?"

"सगळ्याईले. शेजारच्या बायाईले. हेडमास्तरले."

"अन् तुले?"

भियानं नव्या चपलेवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "मले बी."

याडी हसायलाच लागली. "आता ग माय! पोटच्या पोराले नमस्कार?"

"तिथं तसंच असते याडी. लोक हासतात. मले तिथं राहाचं हाये."

हे शेवटचं तो ज्या आवाजात म्हणाला त्यानं याडीचं हसू थांबलं. बा बाहेरून म्हणाले, "कायले तिच्या मागं लागला बे?" पण याडीनं हात जोडले. आमच्या बायकांच्या दंडापर्यंत बलोयांचा, म्हणजे हाडाच्या बांगड्यांचा, चुडा, हात जोडले की सगळा खडखड वाजतो. भिया म्हणाला, हात छातीशी धर, मान थोडी खाली, तोंडानं स्पष्ट म्हण. ती पुन्हा पुन्हा करत होती. दुपारी शेण काढताना गोठ्यातल्या बैलाला नमस्कार घातला, मग शेळीला घातला, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. भियाही हसला. पोराला शाबासकी दिल्यासारखा तिला म्हणाला, "आता जमलं!" मला आजही वाटतं, तेव्हा त्या शेळीनं दोरी तोडून बाजेखाली धुडगूस घालायला पाहिजे होता आणि तो धडा तिथंच मोडायला पाहिजे होता.

त्या हिवाळ्यात फूफी गेली. ताप आला, आणि गेली. इतक्या लांब निरोप धाडून माणूस येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. बांनीच अग्नी दिला. आणि तांड्यात सगळ्यांना सांगून ठेवलं, "मास्तरले कोनी काई सांगाचं नाई. त्याची याडी जाईन अन् सांगीन." नेमच होता तो.

याडी निघाली. बरोबर मी. मला बांनी पाठवलं ते मोटारीच्या पाट्या वाचायला, कारण भियानं सुट्ट्यांमध्ये मला अक्षरं शिकवली होती. आज हे लिहितेय तेसुद्धा त्याच्याच शिकवण्यावर. पुसदला मोटार बदलली, यवतमाळला बदलली. याडी खिडकीशी गप्प. पण तिचे ओठ हलत होते. मी कान देऊन ऐकलं तर ती जुळवत होती. फूफीनं शेवटी कोणाचं नाव घेतलं, पाणी कोणाच्या हातचं प्यायलं, नाल्याकाठी लाकडं कोणी रचली. सगळं ओळीत लावत होती, त्याच्या खांद्यावर सांगायला.

बाभुळगावला पोचलो. भिया खोलीच्या दारात उभा. शेजारच्या दोन दारांत दोन बायका उभ्या, एक तर हातात लाटणं घेऊन मुद्दाम बाहेर आलेली. बंजाऱ्याची बाई बघायला, आणखी कशाला! याडीनं गाठोडं खाली ठेवलं. तिचे हात वर उठले, गळ्याच्या उंचीपर्यंत उठले. भियानं तिच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. आणि ते हात तिथंच एकमेकांना भेटले.

"नमस्कार," याडी म्हणाली.

"नमस्कार," भिया म्हणाला. त्याच्या तोंडावर इतकं सुख होतं! लाटणंवाली बाई पुढे येऊन "नमस्कार, बसा हो" म्हणाली, तिलाही याडीनं नमस्कार केला, अगदी शिकवला तसा.

आत गेल्यावर तरी ती रडेल असं मला वाटलं. पण भिंती पातळ होत्या. पलीकडचं ताट वाजलं तरी इकडे ऐकू यायचं. भिया स्टोव्ह पेटवत म्हणाला, "घरी सगळे बरे हायेत न?"

याडीनं तोंड उघडलं. मला दिसलं ते. मग मिटलं. म्हणाली, "बरे हायेत."

मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोन दिवस राहिलो. भिया आम्हाला शाळा दाखवायला घेऊन गेला, हेडमास्तरांना भेटवलं. याडीनं सगळ्यांना नमस्कार केला. लोक त्याला म्हणाले, "आई फार छान आहेत हो तुमच्या." तो रात्री स्वतः भाकऱ्या भाजायचा, तिला वाढायचा, आणि फूफीच्याच गोष्टी काढायचा. नाला, कडेवर घेणं, तिच्या पाठीचा तंबाखूचा वास. याडी भाकरी चिवडत बसायची. कितीदा तरी तिचा श्वास सुराच्या आधी चढतो तसा चढला, आणि उतरला. काय करावं तिनं? रडू नको ही त्याची अट, आणि कोरड्या तोंडानं सांगायचं नाही हा तिचा नेम. दोन्हींच्या मधे ती अडकली होती बिचारी.

निघताना भियानं पेटीतून एक शाल काढली. विटकरी रंगाची, जाड. "हे फूफीले दे. थंडी हाये, तिची पाठ दुखते."

याडीनं शाल घेतली. दोन्ही हातांनी घेतली. आणि मग, त्यानं शिकवलं तसं, हात जोडून निघाली.

यवतमाळच्या मोटार स्टँडावर, पुसदची मोटार लागायची होती तेव्हा, याडी बाकावर बसली आणि शाल तोंडाशी धरून रडायला लागली. खर्जातला तो सूर, पण समोर गळाच नाही. एक अनोळखी बाई, चांगल्या घरची, जवळ येऊन बसली. "कोण गेलं हो बाई?" तिनं विचारलं. याडी म्हणाली, "ननंद." इतक्या लांब येऊन फूफीच्या जाण्याची बातमी तिनं त्या स्टँडावरच्या बाईला सांगितली. त्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिची मोटार आली तशी ती गेली.

होळीला भिया घरी आला. आमच्याकडे होळी सगळ्यांत मोठी, ती कोणी चुकवत नाही. मी दारातून पाहिलं, तो तांड्याच्या तोंडाशी आला आणि "फूफी!" म्हणून हाक मारली. झोपडीचं दार दोरीनं बांधलेलं. आत कडबा भरलेला. त्यानं दोरीला हात लावला, मग कडब्याकडे पाहिलं. शेजारची म्हातारी नेमाची पक्की, ती तोंड फिरवून आत निघून गेली. तो आमच्या घरापर्यंत कसा आला त्यालाच ठाऊक. पिशवी हातातून गळून पडली. याडी अंगणात उभी होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं मान खाली करून खांदा दिला.

याडीनं हात जोडले.

"नमस्कार बेटा," म्हणाली. आणि कोरड्या तोंडानं म्हणाली, "फूफी गेली."

"कवा?"

"हिवाळ्यात. मी तुह्याकडे आलती, त्याच्या आधी."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"कसं सांगू?" याडी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच त्याला विचारत होती. "तू रडू नको म्हनलं होतं न."

भिया तिथंच खाली बसला, अंगणात, सगळ्यांसमोर. नवा पायजमा धुळीत. बा आले, त्याला उठवलं, आत नेलं. शाल पेटीत तशीच घडीत होती, ती त्यानं काढून पाहिली आणि परत ठेवली.

लोक म्हणतील, म्हातारीनं बदला घेतला. छे! माझी याडी मनात धरणारी बाई नव्हती. मी तिच्यापाशी वाढले, मला ठाऊक आहे. तिनं ते पोराच्या सुखासाठी शिकून घेतलं होतं, आणि एकदा शिकली ती शिकली. भिया आला की हात आपोआप जुळायचे. दुसरं कोणीही येवो, तिचा सूर लागायचा. माझं लग्न झाल्यावर मी माहेरी आले की ती माझा गळा अशी धरायची की बांना ओरडावं लागायचं. आणि मागून भिया आला की डोळे पुसून, ओढणी सारखी करून, नमस्कार. चुडा खडखड वाजायचा. भियाचं तोंड तेव्हा बघवत नसे. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि यातलं आधी कोणतं यायचं ते मला आजही सांगता येत नाही.

एका दिवाळीत त्यानं हिय्या केला. माझ्यासमोरच तिला म्हणाला, "याडी, आता रड न माह्या गळ्यात. कोनी नाई हासत. हासले तं हासू दे."

तिनं प्रयत्न केला. खरंच केला. त्याच्या गळ्यात हात घातले, हनुवटी टेकवली. श्वास घेतला. आम्ही वाट पाहिली. काही नाही. ती मागे सरून त्याच्याकडे बघत राहिली, अगदी ओशाळली होती. "येत नाई रे," म्हणाली. "तुह्यासाठी बंद केलं, ते बंदच झालं." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "पन नमस्कार बराबर करते न मी?"

"बराबर करते," भिया म्हणाला आणि उठून वावराकडे निघून गेला.

तोवर आमचा जिल्हा महाराष्ट्रात आला होता. भियाचं लग्न झालं, बदली केळापूरकडे झाली, त्याला पोरं झाली. त्याच्या पोरांनाही याडी नमस्कारच करायची, आणि ती पोरं तिला "नमस्ते आजी" म्हणायची. मामा आदिलाबादहून यायचा बंद झाला होता. दरवर्षी कापूस निघाला की याडी म्हणायची, "या साली येईन तो." तो काही येत नसे.

मग एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत याडीला ताप भरला. मी माहेरी आले, भियाला निरोप गेला. तो आला तेव्हा दुपार होती. याडी बाजेवर, डोळे तांबारलेले, तापात बडबडत होती. भिया दारात वाकून आत आला. त्याचे कान मामासारखेच मोठे, पुढे आलेले. वय झालं तसा तो चेहऱ्यानंही मामाकडे गेला होता. याडीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि अंगात तेवढा ताप असताना उठून बसली.

"आला रे वीरा!" तिनं हाक मारली. वीरा म्हणजेही भाऊच, मामाला ती तसंच म्हणायची. आणि तिनं त्याचा गळा धरला.

काय तो सूर! इतक्या वर्षांचा साठलेला. मी चुलीशी होते, माझ्या हातातली पळी खाली पडली. भिया वाकलेला, तसाच थिजला. ती मामाला सगळं सांगत होती. ज्वारीचं, म्हशीचं, माझ्या सासरचं. मग फूफीचं आलं. ती शेवटी काय म्हणाली, कोणाच्या हातचं पाणी प्यायली, नाल्याकाठी लाकडं कोणी रचली. मोटारीत तिनं जुळवलं होतं ते सगळं, त्याच ओळीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"अन् पोराले सांगाचं राहून गेलं रे वीरा," ती रडत म्हणाली. "त्यानं तिच्यासाठी शाल देल्ली. मी घेऊन घेतली. मेलेल्या मानसाची शाल मी हातानं घेतली."

भियानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो मला कधी रडताना दिसला नव्हता. बाप्ये रडत नाहीत. त्याचा खांदा तिला द्यायचा होता म्हणून तो हलत नव्हता, पण त्याची पाठ हलत होती. तो मामाच्या आवाजात, म्हणजे मामाचा आवाज त्याला जसा आठवत होता तसा, हळूच म्हणाला, "पोरावर राग हाये का तुहा?"

"राग कायचा?" याडी म्हणाली. "लय मोठा मास्तर हाये तो. त्याले माहं रडनं नाई पटत. मी हात जोडते, तो बी हात जोडते. लय आठोन येते रे त्याची. तो इथं येते तवा बी येते."

ती पुष्कळ वेळ रडली. मग ओढणीनं नाक पुसलं, मला म्हणाली, "तुह्या मामाले चाय मांड," आणि आडवी झाली.

चहा मांडला. भियानं तो प्यायलाही, मामाचा म्हणून. तो बाजेशेजारी जमिनीवर बसून राहिला. तिचा हात हातात धरला होता. संध्याकाळी, गुरं परत यायच्या वेळेला, तिच्या कपाळावर घाम आला आणि ताप उतरला. तिनं डोळे उघडले. उशाशी त्याला पाहिलं, आणि या वेळी ओळखलं. आपला हात हळूच त्याच्या हातातून सोडवून घेतला, दुसरा त्याला जोडला.

"नमस्कार बेटा," म्हणाली. "तू कवा आला?"